एका गाडीला एक वाक्य

औरंगाबादच्या बसस्टँडवर नोकरीसाठी मी पहिल्यांदा उतरलो, तेव्हा माझ्या हातात पत्र्याची ट्रंक होती आणि डोक्यावरच्या भोंग्यातून कुणीतरी सगळ्या स्टँडला माठ झाकायला शिकवत होतं. शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर झालं आहे, पण तेव्हा ते औरंगाबादच होतं, म्हणून मी इथं तसंच म्हणतो.

"पैठणला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे," भोंगा सांगत होता. "पाचोडच्या मंडळींनी यात बसू नये. तालुका पैठण असला तरी पाचोडचा रस्ता वेगळा आहे. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरू नये. त्यानं रुमालाला जागा मिळते आणि माणसाला भांडण मिळतं. घरातला माठ झाकला का, हे आता आठवून उपयोग नाही. उद्यापासून कुलूप लावायच्या आधी एकदा मागं वळून बघावं. गाडी सुटत आहे."

मी चमकून आजूबाजूला पाहिलं. कुणालाच काही वेगळं वाटलेलं दिसत नव्हतं. माझ्या शेजारी बोचकं घेऊन बसलेली बाई तेवढी आपल्या सुनेला हळूच म्हणाली, "झाकलाय नव्हं गं?"

भोंग्यातला तो माणूसच माझा वरिष्ठ निघाला. निवृत्तीराव मापारी, स्टँडचे कंट्रोलर. कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागणार, कधी सुटणार, कोण ड्रायव्हर, कोण कंडक्टर, हे सगळं त्यांच्या हातात. सगळे त्यांना नाना म्हणत. अंगानं किरकोळ, भर उन्हाळ्यातही खाकी कोटाची गळ्यापर्यंत बटणं लावलेली, डोक्यावर काळी टोपी आणि चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. हजर झाल्याची सही मी त्यांच्या समोर केली. त्यांनी कागद उचलून लांब धरला, चष्म्याच्या वरून पाहिला आणि म्हणाले, "सही चांगली हाय, दिनकरा. पण लई लांब हाय. इथं दिसभर सह्या कराव्या लागत्यात. आडनावाच्या निम्म्यात थांबत जा. हातबी वाचंल आन् शाईबी."

ओळख होऊन पुरती पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती. मला राग आला. पण महिनाभरात हात दुखायला लागला तेव्हा मी निमूटपणे आडनावाच्या निम्म्यात थांबायला लागलो. आजही बँकेत माझी तीच सही चालते.

नानांना माणसं सुधारायचा नाद होता. आडनाव मापारी, त्यामुळे समोर येईल त्याचं माप काढायचंच, असा डेपोतला जुना विनोद. दाढी करायला बसले की न्हाव्याला वस्तरा कसा धरावा ते सांगत. गळ्याशी वस्तरा असतानाही सांगत. ड्रायव्हर लोकांना त्यांचा एक कायमचा उपदेश होता, "घरातलं भांडण गाडीत आणायचं नाय. दारातल्या दगडाखाली ठिवून यायचं. परत जाताना तिथंच सापडतं, कुणी चोरून नेत नाय." सगळे ऐकून घेत. फक्त सलीमभाई नावाचे एक जुने ड्रायव्हर होते, ते स्टिअरिंगवरून ओरडत, "नाना, ब्रेक मैं मारतूं, तुम बातां मारो!" यावर नाना म्हणत, "मारतोच हाय बाबा. पण ब्रेक जरा आधी मारत जा." आणि दोघंही हसत.

स्वतःच्या मुलीच्या लग्नातही त्यांनी पंगती स्टँडच्या शिस्तीनं बसवल्या होत्या. लांबच्या गावचे पाहुणे आधी, मग तालुक्याचे, शेवटी शहरातले. व्याही शहरातलेच होते. ते शेवटच्या पंगतीला बसले आणि वर्षभर रुसले. नाना मात्र शेवटपर्यंत सांगत राहिले की त्या दिवशी एकाही पाहुण्याची शेवटची गाडी चुकली नाही.

नाना पाचोडच्या बाजूचे. घर शेतकऱ्याचं, पण वडिलांनी हट्टानं त्यांना औरंगाबादेत शिकायला ठेवलेलं. शिक्षण सगळं उर्दूत, कारण राज्य निजामाचं. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात एकाच वाक्यात बैल आणि तमीज सुखानं नांदत. आमच्या भागातली बोली त्यांनी कधी टाकली नाही. माईकवर तेवढी त्यांची भाषा इस्त्री केल्यासारखी व्हायची, आणि माईक बंद झाला की पुन्हा धोतर नेसायची.

आणि नेमका तो माईकच माझ्या मुळावर आला.

मी खुलताबादजवळच्या एका खेड्यातला. मॅट्रिक झालो होतो, पण शहरातलं बोलणं अंगवळणी पडलेलं नव्हतं. एका सकाळी नाना म्हणाले, "मी जरा डेपोत जाऊन येतो. खुलताबादची गाडी तू सांग." मी माईक हातात घेतला आणि बटण दाबलं. "खुलताबादची गाडी... दोन नंबरला... लागली हाय," असं म्हणालो, आणि पुढं काय बोलावं ते सुचेना म्हणून घाईघाईनं "बसून घ्या पटापटा" असं जोडून दिलं. फलाटावर कॉलेजची काही पोरं उभी होती. त्यांनी लगेच हात तोंडाशी धरून "लागली हायऽऽ, बसून घ्या पटापटाऽऽ" असा भोंगा वाजवला. सगळा फलाट हसला. मला वाटलं, हसणारा प्रत्येक माणूस काचेतून माझ्याकडंच बघतो आहे.

नाना परत आले तेव्हा मी अर्ज लिहीत बसलो होतो. मला तिकीट खिडकीवर बदलून द्यावं, माईकचं काम देऊ नये. नानांनी अर्ज वाचला, घडी घालून माझ्याच खिशात ठेवला आणि मला टपरीवर नेलं.

"कामून रं? कोण हसलं?"

मी सांगितलं.

"त्या पोरांना पाटी वाचता येती का?"

"येते की."

"मग त्यांच्यासाठी तू बोलतच नव्हतास. ते उगं मधी ऐकत होते." चहा बशीत ओतत ते पुढं म्हणाले, "हे बग. माईक हातात घेतला की आधी काचेतून बाहेर बघायचं. एखादी म्हातारी निवडायची. बोचकं घेतलेली, कावरीबावरी. तिला पाटी वाचता येत नाय. कुणाला इचारायची लाज वाटती. तुझा आवाज हीच तिची पाटी. फकत तिच्याशी बोल. बाकीचा स्टँड गेला उडत."

मी म्हणालो, "पण नाना, माझं बोलणंच गावठी आहे."

त्यांनी बशी खाली ठेवली. मग त्यांनी जे सांगितलं ते मी तोवर कुणाकडून ऐकलं नव्हतं. निजामाच्या काळात ते मोटारखात्यात कारकून होते. उर्दू अक्षर मोत्यासारखं, साहेब लोक दाखवायला न्यायचे. पोलीस अ‍ॅक्शन झाली, राज्य गेलं, आणि हळूहळू कागदांची भाषा बदलली. "आनंद झाला रं," नाना म्हणाले. "आपलं राज्य आलं, आपली भाषा आली. आन् मला आपल्या भाषेत लिव्हताच येत नव्हतं! जन्मभर मराठीच बोललो, पण कागुद समोर आला की अंगठाछाप. कालपर्यंत ज्यांना मी अर्ज लिहून द्यायचो, ते आता मला वाचून दाखवायला लागले."

"मग?"

"मग काय. शाळेत बसायचं वय नव्हतं. रोज घरून निघालो की पैठण गेटापासून गुलमंडीपर्यंत दुकानाच्या पाट्या वाचत यायचो. मोठ्यानं. लोकांना वाटायचं, मापारीला चळ लागला. हसायचे. मीबी हसायचो त्यांच्यासंगं. हसता हसता 'कापड दुकान' वाचायला शिकलो. बोली नको बदलू लेका, घाई बदल. गावठी बोलून कुणाची गाडी चुकत नाय. घाईत बोलून चुकती."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा मला माईकसमोर बसवलं आणि स्वतः माझ्याकडं पाठ करून उभे राहिले. मी काचेतून पाहिलं. खांबाला टेकून एक म्हातारी बसली होती, हिरवं लुगडं, मांडीवर गाठोडं, आणि नजर या गाडीवरून त्या गाडीवर. ती कुठं जाणार हे मला ठाऊक नव्हतं. मी तिच्याकडं बघत सावकाश म्हणालो, "खुलताबादला जाणारी गाडी दोन नंबरच्या फलाटावर लागलेली आहे. डाव्या हाताला, लिंबाच्या झाडासमोर." म्हातारीनं मान वर केली. डावा हात कुठला ते आधी हाताकडं बघून ठरवलं, लिंबाचं झाड पाहिलं, उठली आणि बरोबर दोन नंबरच्या गाडीत जाऊन बसली.

नाना मागं न वळता म्हणाले, "झाडाचं चांगलं सांगितलंस. मला सुचलं नव्हतं."

खिशातला अर्ज मी कधी टाकून दिला, ते आता आठवत नाही.

नानांचे सगळे उपदेश असे काळजाला भिडणारे नव्हते, हेही सांगायला पाहिजे. बरेचसे नुसते डोकं खाणारे होते. पण त्यांतला एखादा नकळत कामी यायचा. मला खात्याची परीक्षा द्यायची होती आणि पुस्तक उघडायचा मुहूर्त काही लागत नव्हता. रोज ठरवायचो, रोज राहून जायचं. नानांनी विचारलं, "तुझी जुनी पक्की सवय कोणती?" मी म्हणालो, "चहाची." ते म्हणाले, "नवा बैल एकटा जुंपला की बांध फोडतो. त्याला जुन्या बैलासंगं जुंपायचं. उद्यापासून चहा घेतला की पुस्तक उघडायचं. कप संपला की पुस्तक बंद. जादा वाचायचं नाय."

"एवढ्यानं काय होणार, नाना?"

"काहीबी व्हणार नाय. पण बैल ओळीला लागंल."

झालं असं की पुस्तकात रंगलो की मी कप संपवायलाच लांबण लावायला लागलो. परीक्षा पास झालो. गार चहाची सवय लागली ती कायमची. माझी बायको सुशीला अजून म्हणते की या घरात चहा गरम करण्यात अर्थ नाही.

सुशीलाचं आणि नानांचं मात्र पहिल्याच भेटीत बिनसलं होतं. आमचं नवीन लग्न झालेलं, खोली भाड्याची. नाना आणि त्यांची बायको अनसूयाकाकू जेवायला आले. नानांनी हात धुतानाच सुशीलाला सांगून टाकलं, "मिठाची बरणी डाव्या हाताला ठिवत जा बाई, उजव्या हातात पळी असती." पाठोपाठ डाळीच्या डब्याची जागा बदलली. सुशीलानं पदर खोचला. तिच्या कपाळावरची शीर मला दारातून दिसली. तेवढ्यात अनसूयाकाकू मोठ्यानं हसल्या. काकू अंगानं भरलेल्या, बोलायच्या कमी आणि हसायच्या जास्त.

"पोरी, ऐकून घे आन् सोडून दे," काकू म्हणाल्या. "मीबी तेच करते. बाहेर सगळ्या जगाला शिकवतेत, घरात एक कांदा चिरता येत नाय. चहासुदीक मलाच करावा लागतो."

नाना गंभीरपणे म्हणाले, "ते तुझं खातं हाय. दुसऱ्याच्या खात्यात मी हात घालत नसतो."

"मग मिठाची बरणी कुणाच्या खात्यातली?" काकूंनी विचारलं, आणि नाना निमूट पाटावर बसले.

पुढं नानांच्या भोंग्यावर गदा आली. एके दिवशी एक वजनदार गृहस्थ, पांढरी सफारी, मागं दोन माणसं, पुण्याच्या गाडीची रांग ओलांडून सरळ दाराशी गेले. कंडक्टर गप्प. रांग कुरकुरायला लागली. नानांनी माईक उचलला. "पुणे गाडीजवळ उभे असलेले पांढऱ्या सफारीतले गृहस्थ," ते अत्यंत अदबीनं म्हणाले, "आपण मोठे आहात हे सर्वांना दिसत आहे. रांग आपल्या मागे आहे. तीसुद्धा मोठी आहे."

स्टँड हसला. गृहस्थ लाल झाले, रांगेत काही गेले नाहीत, पण गाडीतही चढले नाहीत. आले तसे निघून गेले. चार दिवसांत वरून हुकूम आला. माईकवरून फक्त गाडीचं गाव आणि फलाट सांगायचा, त्यापलीकडं एक शब्द बोलायचा नाही.

मला वाटलं, नाना भांडतील. त्यांनी हुकूम दोनदा वाचला आणि म्हणाले, "हुकूम आला की आधी पाळायचा. मग सावकाश बसून त्यातली फट बघायची." त्यांना ती फट संध्याकाळपर्यंत सापडली. हुकूम माईकचा होता, तोंडाचा नव्हता. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला माईकवर बसवलं आणि स्वतः फलाटांवर फिरायला लागले.

त्यानंतरचे दिवस डेपोत कुणी विसरलं नसेल. भोंग्यातला उपदेश निदान वरून जायचा, ऐकला तर ऐकला. आता नाना समोर उभे राहून एकेकाला गाठायला लागले. टपावर पोतं चढवणाऱ्याला गाठ सोडायला लावून पुन्हा बांधून दाखवत. उसाचा रस पिणाऱ्याला उन्हातून आल्या आल्या पिऊ नये म्हणून सांगत, आणि रसवाला कपाळावर हात मारून घेई. नवरा-बायकोच्या भांडणात शिरून नवऱ्याला म्हणत, "आधी तोंडात पाण्याचा घोट धर. पाणी हाय तवर शिवी भाहीर येत नाय." सिल्लोडची गाडी सुटायची वेळ टळून गेली तरी तिचा कंडक्टर खाली उभा, कारण नाना त्याला चिल्लर कुठल्या खिशात ठेवावी ते समजावून सांगत होते. गाड्या उशिरा सुटायला लागल्या. ड्रायव्हर माझ्याकडं येऊन विनवायला लागले, "त्यांना आत घ्या राव."

शेवटी वरचे साहेब स्वतः पाहणीला आले. तरुण, शिकलेले, बगलेत फायलींचा गठ्ठा. नानांनी सलाम केला आणि म्हणाले, "साहेब, फायली बगलेत धरू नका. घाम लागून शाई फुटती. छातीशी धरा." साहेबांनी फायली काढून पाहिल्या. वरच्या फायलीवर खरंच शाई पसरलेली होती. ते काही क्षण नानांकडं बघत राहिले, मग उभ्या असलेल्या गाड्यांकडं.

"मापारी," ते म्हणाले, "उद्यापासून तुम्ही परत माईकवर बसा."

"हुकूम, साहेब."

"पण एका गाडीला एकच वाक्य. दुसरं ऐकू आलं तर माझ्याशी गाठ आहे."

या एका वाक्यानं नानांची झोप उडाली. आधी तोंडाला येईल ते बोलत. आता सकाळी येतानाच ओठ हलताना दिसायचे. एखादं वाक्य मला ऐकवून विचारत, "यातला कोणता शब्द काढू?" आणि खरं सांगतो, त्यांचं खरं चांगलं बोलणं तिथून सुरू झालं. जालन्याच्या गाडीला ते सांगत, "चिकलठाण्याच्या कामगार बंधूंनी डबा मांडीवर धरावा, वर ठेवलेला डबा दुसऱ्याच्या डोक्यावर जेवतो." खुलताबादच्या गाडीला, "घाटात ज्यांना मळमळतं त्यांनी आत्ताच लाज सोडून खिडकी मागावी." नांदेडच्या रातराणीला, "शेजाऱ्याशी आधी बोलावं, मग झोपावं, म्हणजे त्याच्या खांद्यावर डोकं गेलं तरी तो रागावत नाही." लोक गाडीत बसले तरी खिडकीतून कान बाहेर काढून आपल्या गाडीचं वाक्य ऐकत. पैठणवाल्यांना जालन्याचं जास्त चांगलं वाटे, आणि त्यावर भांडणही होई.

"साहेबानं मला सुधरवलं, दिनकरा," नाना एकदा म्हणाले. "मी लई बोलत होतो रं. कुणी सांगितलंच नाय."

मी हसू दाबून म्हणालो, "सांगत होते नाना. तुम्ही बोलत होता म्हणून ऐकू आलं नाही."

नाना निवृत्त झाले तेव्हा मी त्यांच्या जागेवर बसलो. आठवड्यातून एकदा ते येत, काचेबाहेर उभे राहून माझं ऐकत, आणि मान हलवून निघून जात. आता दिवसभर घरी काय करता, असं विचारलं तर म्हणत, "तुझ्या काकूला सुधरवतोय. लई जुनी गाडी हाय, वळणच घेत नाय."

मग काकू आजारी पडल्या. दुखणं फार दिवसांचं नव्हतं. ताप आला, दवाखान्यात नेलं, आणि परत आणलं ते काकू गेल्यावरच. जावयाच्या बदलीमुळे नांदेडला असलेली मुलगी आली, महिनाभर राहिली. नानांना आपल्याकडं चला म्हणाली, पण ते गेले नाहीत.

मी आणि सुशीला त्यांच्या पैठण गेटजवळच्या घरी गेलो तेव्हा दार उघडंच होतं. नाना कोट न घालता बसले होते. मी त्यांना बिनकोटाचं पहिल्यांदाच पाहिलं. किती लहान दिसत होते ते! स्वयंपाकघरातली चूल थंड होती. शेजारणीनं आणून ठेवलेलं ताट झाकलेलं तसंच होतं. बोलायला मी काहीतरी विषय काढत होतो, आणि ते "व्हय" आणि "नाय" एवढंच म्हणत होते. मी मुद्दाम माझ्या हाताखालच्या नव्या पोरानं माईकवर केलेला गोंधळ सांगितला. एरवी यावर त्यांनी तासभर घेतला असता. ते म्हणाले, "शिकंल हळूहळू."

मग बऱ्याच वेळानं ते आपणहून बोलले. "सगळे येतेत. सांगून जातेत. कुणी म्हणतं देवळात जा, कुणी म्हणतं मन रमव, कुणी म्हणतं मुलीकडं जा. समदं बरोबर हाय. मीबी हेच सांगितलं असतं." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "पण दिनकरा, सकाळी उठून पहिल्यांदी काय करू, ते कुणी सांगत नाय. उठतो आन् बसून राहतो. तू सांग. तू सांगशील ते मी करतो."

इतक्या वर्षांत नानांनी मला पहिल्यांदाच सल्ला विचारला होता. काय सांगणार होतो मी त्यांना?

सुशीला उठली. तिनं ते झाकलेलं ताट उचललं, शिळं अन्न बाजूला काढलं आणि दारातून म्हणाली, "नाना, उद्या सकाळी आमच्याकडं या. तोंड धुतलं की सरळ निघायचं."

"रोज जेवायला येऊ बाई? बरं दिसतं का ते?"

"जेवायला नाही. स्वयंपाक शिकायला."

नाना दुसऱ्या दिवशी सकाळी कोट घालून, बटणं लावून, आमच्या दारात उभे होते.

त्यानंतर आमच्या स्वयंपाकघरात जे चाललं, ते मी बाहेरच्या खोलीतून पेपर तोंडासमोर धरून ऐकायचो. सुशीला मास्तरीण म्हणून कडक होती. "नाना, कांदा असा नाही, बोटं आत घ्या." "व्हय बाई." "नाना, फोडणी जळाली, फेकून द्या, परत करा." "करतो बाई." ज्या माणसानं मोठमोठ्या लोकांना भोंग्यावरून रांग दाखवली, तो माणूस डोळ्यांतून कांद्याचं पाणी गाळत, एका शब्दानं उलट न बोलता, सांगितलेलं तस्सं करत होता. आधी चहा जमला, मग वरणभात, मग पिठलं. भाकरी मात्र जमेना. कधी काठ फाटायचे, कधी मधेच भोक पडायचं. थापताना ते ओठ मिटून असे बसत की जणू बोललं तर भाकरी मोडेल. एकदा मी आत डोकावून म्हणालो, "नाना, जरा हलक्या हातानं." त्यांनी वर न बघता सांगितलं, "एका वेळी एकच मास्तर पायजे. तू भाहीर बस."

काही आठवड्यांनी, बाजारात माझ्याबरोबर भाजी घेताना, ते एका कोथिंबीरवाल्यासमोर थांबले. त्याला म्हणाले, "मुळ्या खाली ठिव बाबा, पाण्यात. पाला भिजवलास की सडतो." मी घाईघाईनं दुसरीकडं बघितलं, कारण माझे डोळे भरून आले होते. कोथिंबीरवाला वैतागून म्हणाला, "तुम्ही घेणार हाय का नुसतं शिकिवणार?" नानांनी दोन जुड्या घेतल्या.

त्यानंतर नाना बरीच वर्षं जगले. शेवटपर्यंत आपल्या घरात, आपल्या हातचं खाऊन. शेवटच्या आजारात मुलीनं त्यांना नांदेडला नेलं आणि तिथंच ते गेले. आम्हाला कळलं तोवर सगळं उरकलं होतं. स्टँडवरची आमच्या वेळची माणसंही आता फारशी उरलेली नाहीत.

पण नानांची आठवण निघाली की मला एक संध्याकाळ दिसते. त्यांनी आम्हा दोघांना पहिल्यांदा घरी जेवायला बोलावलं होतं. पिठलं, भाकरी, ठेचा, सगळं स्वतः केलेलं. आम्हाला पाटावर बसवलं आणि स्वतः चुलीपाशी बसून सुशीलाच्या तोंडाकडं बघत राहिले, निकाल लागायचा असल्यासारखे.

सुशीलानं भाकरीचा तुकडा मोडला. तो मोडताना आवाज झाला. तिनं चावला, बराच वेळ चावला. मी तिला डोळ्यांनी खुणावत होतो की चांगली आहे म्हण. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही.

"नाना," ती म्हणाली, "पीठ अजून मळायला पाहिजे होतं."

"व्हय," नाना म्हणाले.

त्यांनी आमच्या ताटातल्या भाकरी उचलून बाजूला ठेवल्या. परातीत पीठ घेतलं, गरम पाणी ओतलं, आणि मळायला बसले. आम्ही रिकाम्या ताटांसमोर बसून राहिलो. पिठलं निवलं. नाना तळहातानं पीठ रगडत होते आणि कपाळावरचा घाम कोपरानं पुसत होते. त्यांनी भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. निखाऱ्यावर धरली तेव्हा ती टम्म फुगली.

त्यांनी ती सुशीलाच्या ताटात वाढली आणि परत चुलीपाशी जाऊन बसले.

सुशीलानं तुकडा मोडला. या वेळी आवाज झाला नाही. तिनं तो पिठल्याबरोबर खाल्ला, मग दुसरा, मग तिसरा, आणि ती सगळी भाकरी संपवली. मला एक तुकडासुद्धा दिला नाही. मग तिनं रिकामं ताट पुढं सरकवलं.

"अजून एक करा, नाना," ती म्हणाली.

नानांनी चटकन तोंड चुलीकडं वळवलं आणि नवा गोळा हातात घेतला.